ठोकून पाहिलेले स्पीकर

जगात माणसांच्या हातून जेवढा वेळ फुकट गेला असेल, त्यातला निम्मा माझ्या साडभाऊंनी भिंती, दारं, टरबुजं आणि लोकांची कपाटं ठोकून पाहण्यात घालवला आहे, आणि त्या निम्म्यातला बराचसा वेळ माझा होता. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, आणि त्यांच्या तोंडी मीही साडभाऊच. हे नातं आपण जोडत नाही. ते सासऱ्याच्या घरून आयतं मिळतं आणि त्यात घासाघीस चालत नाही. मला घासाघीस न करता मिळालेली आयुष्यातली ती एकच गोष्ट. मी लाखनीला हायवेवर पंक्चर काढण्यापासून सुरुवात केली आणि टायरच्या स्वतःच्या दुकानापर्यंत आलो, तो कधी कोणाच्या पहिल्या भावाला हो न म्हणता. दुसऱ्या भावालाही नाही. तिसऱ्या भावाला मी उठून उभा राहतो, चौथ्याला दारापर्यंत जातो आणि पाचवा भाव दुकानदार माझ्या पाठीला सांगतो. भंडाऱ्यापासून साकोलीपर्यंत मला ओळखणारे दुकानदार मी आत शिरलो की आधी पाणी पितात. अशा माणसाचा ज्यानं घात केला, त्याच्याविषयी मी प्रेमानं लिहावं अशी माझ्या बायकोची इच्छा आहे. प्रयत्न करतो.

साडभाऊ चिखल्याच्या मँगनीज खाणीत मेट होते. जमिनीखाली सुरुंग उडाला, धूळ बसली, की मजुरांच्या आधी मेटनं पुढं जायचं आणि डोक्यावरचा दगड ठोकून पाहायचा, अशी तिथली रीत. एका हातात सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, दुसऱ्या हाताचा तळवा दगडाला टेकवलेला. ठण्ण असा आवाज आला तर दगड ठोस, खाली कामाला उभं राहायला हरकत नाही. धप् असा आला तर पोकळ. सगळ्यांनी मागं व्हायचं. "कान चुकू शकते," ते सांगायचे, "तळवा नाही चुकत. पोकळ दगड हाताखाली थरथरते." त्यांच्या पाळीत कधी कोणाच्या डोक्यावर दगड आला नाही, असं चिखल्याची माणसं अजून सांगतात आणि मीही ते मान्य करतो. माझी तक्रार एवढीच, की नोकरी सुटली, कंपनीचं क्वार्टर सुटलं, साडभाऊंनी वैनगंगेच्या काठी कारध्याला घर बांधलं, तरी हातातली सब्बल काही सुटली नाही. ती फक्त दिसेनाशी झाली. तिच्या जागी बोटाचं पेर आलं.

उन्हाळ्यात नदीच्या रेतीत टरबुजांच्या वाड्या लागत. टरबूज सगळेच ठोकून घेतात. साडभाऊ मात्र पूर्ण ढीग ठोकत आणि एकही न घेता घरी येत. वाडीवाल्यानं दोनचार दिवस सहन केलं. मग त्याच्या लक्षात आलं की या म्हाताऱ्यानं बाजूला काढलेलं फळ लाल निघतंच. तेव्हापासून तो सकाळी त्यांना चहा पाजून ढिगावर बसवू लागला. माझ्या घराच्या गृहप्रवेशाला साडभाऊ आले ते चपला काढून जेवणाच्या पंगतीकडे न जाता हातात एक रुपयाचं नाणं घेऊन खाली बसले आणि वाकून फरशी ठोकत दिवाणखान्यातून देवडीपर्यंत गेले. मग दीडशे पाहुण्यांसमोर, ऐकू कमी येणारा माणूस ज्या आवाजात बोलतो त्या आवाजात म्हणाले, "साडभाऊ, अकरा फरश्या पोकळ आहेत. बाकी घर चांगलं आहे." ठेकेदार तिथंच श्रीखंड खात होता. मी त्याच्याकडून अकराही फरश्या फुकट बदलून घेतल्या हे खरं. पण त्या दिवसापासून आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा आधी खाली पाहतो. एकदा छातीत कफ झाला म्हणून मी त्यांना भंडाऱ्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं पाठीवर बोटं ठेवून ठोकून पाहिलं. साडभाऊ एकदम सावध झाले. "परत ठोका साहेब," ते म्हणाले. "डावीकडं जरा वेगळं आलं." डॉक्टरनं परत ठोकलं. दोघं बराच वेळ एकमेकांकडे पाहून मान हलवत राहिले. मी बाहेर येऊन बसलो. माझं दुकान बंद होतं.

अशा माणसाला उतारवयात भारी किमतीचे स्पीकर घ्यायची इच्छा झाली, तर ती नुसती इच्छा राहत नाही. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्यानंतर दोनचार वर्षांत ते निवृत्त झाले, आणि निवृत्तीच्या दिवशी कॉलनीतल्या एका जुन्या शेजाऱ्यानं त्यांना एक कॅसेट दिली. एका बुद्धपौर्णिमेला चिखल्याच्या विहारात महिला मंडळानं गाणं म्हटलं होतं, त्याचं ते रेकॉर्डिंग. त्या गाण्यात एक कडवं ताईंनी, म्हणजे साडभाऊंच्या बायकोनं, एकटीनं म्हटलं होतं. साऱ्या कॉलनीनं ऐकलं होतं. साडभाऊ त्या दिवशी दुसऱ्या पाळीत जमिनीखाली होते. आता कुणी म्हणेल, बायको घरात आहे, तिलाच म्हणायला सांगावं. ते त्यांना जमण्यासारखं नव्हतं, आणि का, ते त्यांनी मला नागपूरच्या दुसऱ्या फेरीत, वाटेत मौद्याजवळ चहा पिताना सांगितलं.

लग्नाला महिनाही झाला नव्हता. ताई क्वार्टरच्या दारात सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि गुणगुणत होत्या. साडभाऊ पाळी संपवून आले, चौकटीला टेकून उभे राहिले, लक्ष देऊन ऐकलं, आणि म्हणाले, "जरा पोकळ येऊन राहिला." बस. ताईंनी सूप उचललं आणि आत गेल्या. त्यानंतर तीस वर्षं त्या घरात गाणं नाही. मंडळात गायच्या, पण साडभाऊंची पाळी पाहून.

"तुम्ही असं काहून म्हटलं पण?" मी विचारलं.

"अरे बावा, मी तारीफच करणार होतो," ते म्हणाले. "पण पूर्ण तपासल्याशिवाय तारीफ कशी करू? आठ घंटे तेच बोलून आलो होतो, तेच तोंडातून निंगालं."

आणि आता कानही चालले होते. इतकी वर्षं ड्रिल मशीनशेजारी उभं राहून ते होतंच. डॉक्टरनं कानाचं मशीन सांगितलं तर म्हणाले, "मशीननं ऐकलं तर मशीननं ऐकलं. मी कुठं ऐकलं?" स्पीकर हेही मशीनच असतं, हे मी दाखवून दिल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना ऐकू आलं नाही. हे त्यांना हवं तेव्हा जमायचं. तर मुद्दा इतका, की कान पूर्ण जायच्या आत त्यांना ते एक कडवं नीट ऐकायचं होतं, त्यासाठी चांगल्यातले चांगले स्पीकर हवे होते, आणि भाव पाडायला मी हवा होतो. मला ते बरं वाटलं. माझी कला नात्यात कुणी मागितली नव्हती. नात्यात तिला चिकटपणा म्हणत.

आधी आम्ही लाखनीच्या मंडपवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे वरातीचे माणसाएवढे डबे होते. साडभाऊंनी चारही बाजूंनी ठोकले. "हे लग्नासाठी ठीक आहे," ते म्हणाले. "लग्नात कोणाले ऐकायचं असते?" मग भंडाऱ्यात तीन दुकानं. मग नागपूर. नागपूरचं दुकान म्हणजे दुकान वाटत नव्हतं. थंडगार खोली, पायाखाली गालिचा, भिंतीला मऊ कापड, मधोमध एकच खुर्ची आणि समोर दोन काळेभोर, कमरेपर्यंत उंच स्पीकर, लाखनीच्या बाजारात एक चांगली जुनी मोटार येईल एवढ्या किमतीचे. दुकानदार पांढऱ्या शर्टातला, इतका हळू बोलणारा गृहस्थ होता की त्याचा भाव ऐकायला पुढं वाकावं लागे. आणि पुढं वाकलेल्या गिऱ्हाइकाला घासाघीस जमत नाही, हे मी पहिल्याच मिनिटाला ओळखलं. माणूस कसलेला होता.

त्यानं आधी त्याचं काहीतरी लावलं. कुठं काचेवर काच वाजत होती, कुठं झऱ्याचं पाणी, मग परदेशी बाई श्वास घेत गात होती. "बघा सर, श्वाससुद्धा ऐकू येतो," तो म्हणाला. साडभाऊ म्हणाले, "ह्या बाईले मी ओळखत नाही. तिचा श्वास बरोबर आहे का चूक, मले काय समजन? ओळखीचं लावा." आणि भंडाऱ्यातल्या एका स्टुडिओतून कॅसेटवरून करून घेतलेली सीडी खिशातून काढली. ती वाजली तेव्हा त्या गृहस्थाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. जनरेटरची घरघर, लहान पोराचं रडणं, माईकवर फुंकणं, आणि त्याच्यावर ढोलकी. "सर," तो म्हणाला, "स्पीकर जितका चांगला, तितकी रेकॉर्डिंगची खोट जास्त दिसणार." साडभाऊ खूश झाले. खुर्चीच्या टोकावर येऊन सांगू लागले, "हा खोकला आमच्या पंपवाल्याचा. हे पोरगं टाइमकीपरचं, आता नागपुरातच इंजिनियर आहे. खुर्ची सरकली ना, ते आमच्या मास्तरीणबाई." सारी कॉलनी त्या थंड खोलीत येऊन बसली. फक्त कडव्याच्या जागी ढोलकी अशी काही सुटायची, की तिच्याखाली कुणी गातंय एवढंच कळे. काय गातंय, कोण गातंय, काही नाही. तिथं साडभाऊ उठत, स्पीकरच्या डब्यावर तळवा ठेवत आणि दुसऱ्या हातानं पेरानं ठोकत. दुकानदार रुमाल घेऊन त्यांच्या मागं. पॉलिशवर बोटं उमटत.

अशा सात फेऱ्या झाल्या. सात वेळा मी लाखनीहून गाडी काढली, कारध्याला त्यांना घेतलं, पुलावरून भंडारा पार करून साठ-पासष्ट किलोमीटर नागपूर गाठलं आणि हात हलवत परत आलो. दर वेळी निघताना मी त्यांना नियम सांगायचो. तारीफ करायची नाही. घड्याळ पाहायचं. मी उठलो की उठायचं. ते मान हलवायचे. दुकानात मी दुकानदाराला घाम फोडत आणायचो, त्याची बायको-मुलं, दुकानाचं भाडं, सगळं बोलून व्हायचं, तो पाचव्या भावावर यायचा, आणि नेमके त्या क्षणी साडभाऊ डब्यावर हात ठेवून म्हणायचे, "काही म्हणा साहेब, असा ठोस माल जन्मात नाही ठोकला." भाव जागच्या जागी गोठायचा. मी हळूच म्हणायचो, तारीफ नको. ते म्हणायचे, "अं?" मी जरा मोठ्यानं म्हणायचो. "अं?" शेवटी मला त्या मऊ भिंतींच्या खोलीत ओरडावं लागे, "भाऊ, त्याच्यासमोर तारीफ नका करू," आणि तो दुकानदार पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवे. याच्या उलटही व्हायचं. चौथ्या फेरीला मी एका जोडीचा भाव असा पाडला, की दुकानदार खरोखर दुखावला. मी आयुष्यात एवढं सुंदर काम केलं नव्हतं. साडभाऊंनी परत एकदा ठोकलं आणि म्हणाले, "हा पोकळ आहे. नको."

सातव्या फेरीला मी तुटलो. उन्हाचे दिवस, सकाळी दुकानात एका ट्रकमालकाशी वाजलेलं. साडभाऊंनी तेच कडवं अकराव्यांदा लावायला सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "भाऊ, तुम्हाला स्पीकर नाही घ्यायचा. तुम्हाला मी दिवसभर बिनकामाचा पाहिजे. आता तुमचं तुम्ही पाहा." दुकानदारालाही दोन शब्द सुनावले, ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. परतीच्या वाटेवर मौद्याला, नेहमीच्या चहाला, मी गाडी थांबवली नाही. कारध्याला उतरताना ते म्हणाले, "साडभाऊ, मौद्याले चहा राहिला आज." मी गाडी पुढे काढली.

दोन आठवड्यांनी फोन आला. "घेतले."

"काय घेतले?"

"स्पीकर. तेच काळे."

"कितीला पडले?"

"त्यानं सांगितले तितक्याले."

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. कान जाण्याची ही साथ असावी. मी परत विचारलं. त्यांनी पहिला भाव सांगितला. पहिला. जो मी सात वेळा पायाखाली तुडवला होता तो. मी त्या दिवशी जेवलो नाही. संध्याकाळी दुकानदाराला फोन लावून विचारलं की म्हाताऱ्या माणसाला एकटं गाठून असं लुटायचं असतं का. तो नेहमीसारखाच हळू बोलला. "सर, मी कमी करणारच होतो. त्यांनी बोलूच नाही दिलं. मॅडम सोबत होत्या, त्यांचे डोळे तपासायला आले होते म्हणे. गाणं लावलं. सर तर स्पीकरकडे पाहतसुद्धा नव्हते, मॅडमकडेच पाहून राहिले होते. ढोलकी आली, मॅडमचे ओठ हलले आणि सर म्हणाले, बांधून द्या." मी फोन ठेवला. बायको सोबत असली की नवरा भाव करायला लाजतो, हे कोणता दुकानदार ओळखत नाही?

तेव्हापासून माझा अबोला. धान रोवून झालं, कापून झालं, मी कारध्यावरून शंभरदा गेलो, पण गाडी थांबवली नाही. माझी बायको जाऊन यायची आणि मुद्दाम सांगायची, भाऊजी विचारत होते. मी म्हणायचो, त्यांना सांग, भाव वाढलेत. शेवटी एका रविवारी दुपारी तिनं मला गाडीत बसवून नेलंच, आणि पोचताच ती शेजारच्या घरी बसायला निघून गेली.

खोलीत ते दोन काळे स्पीकर उभे होते. दोघांच्या डोक्यावर ताईंनी विणलेले पांढरे रुमाल आणि त्यांवर प्लास्टिकची फुलं. दुकानदारानं एका कागदावर आकृती काढून दिली होती, ती भिंतीवर चिकटवलेली: दोन स्पीकर इथं, खुर्ची बरोबर मधोमध इथं. खुर्ची तिथं नव्हती. ती एका कोपऱ्यात, स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटून ठेवली होती, स्पीकरकडे जवळजवळ पाठ करून. माझा इतक्या महिन्यांचा राग त्या खुर्चीवर निघाला.

"भाऊ, एवढा पैसा घातला आणि बसता कुठं? हे स्पीकर कोणासाठी वाजते, फुलांसाठी?"

"बसा ना साडभाऊ," ते म्हणाले. "चहा होऊन राहिला." आणि सीडी लावली, आवाज पार वर नेला, आणि कोपऱ्यात जाऊन बसले.

जनरेटर आला. पोरगं रडलं. पंपवाला खोकला. मी पाणी प्यायला म्हणून उठलो आणि स्वयंपाकघराच्या दारापाशी थबकलो. आत ताई माझ्याकडे पाठ करून, त्याच मधल्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात तांदूळ. चहा चुलीवर उकळत होता. ढोलकी सुटली, कडवं आलं, आणि ताई गायल्या. स्पीकरमधल्या ताई ढोलकीखाली दबलेल्या होत्या, या नव्हत्या. आवाज वयानं जाड झालेला, पण मोकळा. मी गाण्यातला माणूस नाही. पण माल समोर आला की मला कळतो.

मी परत आलो तो साडभाऊंना सांगायलाच. ऐका म्हणावं, तिकडं काय चाललंय ते. घाईत मी आधी आवाज कमी केला, म्हणजे त्यांना ऐकू येईल. तो कमी होताच आतलं गाणं थांबलं. तिथल्या तिथं, दुकानदार गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर इच्छा दिसली की भाव उतरवायचा थांबतो तसं. आणि साडभाऊंनी डोळे उघडले. त्यांच्या कानाला आतलं काही कळणं शक्यच नव्हतं. तेव्हा मला त्यांचा डावा हात दिसला. तळवा स्वयंपाकघराच्या भिंतीवर पसरलेला होता, पूर्ण टेकवलेला, बोटं उघडी.

"वाढवा," ते म्हणाले. "होता तितका."

मी वाढवला. थोडा वेळ काही नाही. मग त्यांनी डोळे मिटले. जन्मभर ओरडून बोललेला तो माणूस, मला ओठांवरूनच कळेल इतक्या हळू म्हणाला, "ठोस आहे, साडभाऊ."

मी त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही, की मी असतो तर निदान चौथा हिस्सा भाव कमी करून दिला असता. ताईंनी चहा आणला. जाताना साडभाऊ गाडीपर्यंत आले, सवयीनं टपावर पेर वाजवलं आणि म्हणाले, "मौद्याले कधी जाऊन राहिलो आपण?" मी म्हणालो, पाहू.

पुढच्या आठवड्यात एकदा दुपारी घरी होतो. बायको आत काहीतरी करत होती. मी आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला तळवा लावून उभा राहिलो. भिंत नवी आहे. ठेकेदाराचा भाव मी निम्म्यावर आणून बांधून घेतलेली. बराच वेळ उभा होतो. मिक्सर लागला तेवढा कळला. मग तोही बंद झाला आणि बायको दारात आली. "काहून," ती म्हणाली, "भिंत पडून राहिली का?"

मी म्हटलं, नाही, पाहून राहिलो. ती आत गेली. मी आणखी थोडा वेळ हात तसाच ठेवला.